तांब्याच्या पेटीतली काळी पट्टी

सूनबाईच्या दातांच्या दवाखान्यात सकाळी दहालाच पाऊल ठेवायला जागा उरली नव्हती, आणि जमलेल्यांपैकी एकाचाही दात दुखत नव्हता. कान टोचणारा सोनार, गोंदण काढणारी तरुणी, शेजारचे दोन डॉक्टर. सगळे सारखे उठत, बसत, घड्याळाकडे पाहत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांकडेच आरोग्य खात्याची तपासणी होती, आणि वाफेवर हत्यारे निर्जंतुक करणारे आमचे यंत्र चार दिवसांपासून बंद होते.

मधोमध तांब्याची पेटी घेऊन वाफबाबा बसले होते.

नियम असा, की हत्यारांसोबत यंत्रात कागदाची पांढरी पट्टी ठेवायची. वाफ पुरेशी लागली की ती काळी पडते. मग ती तपासनीसाला दाखवायच्या वहीत चिकटवायची. बाबांच्या पेटीत ती वाफेवाचूनच काळी पडे.

"तेजोलहरी!" बाबा गरजले. "जंतू म्हणजे मनाचा मळ. लहर फिरली की जंतू शरण, तपासनीसही शरण!"

"काल माझ्या दुकानातल्या सुया बाबांनीच भारल्या," सोनार हात जोडून म्हणाला. "पाच मिनिटांत काम!"

सूनबाई माझ्या कानाशी लागली. "आई, निर्जंतुक संच संपले. आज पाच पेशंट आहेत, पहिल्यालाच कावीळ आहे. दुरुस्तीवाला परवा येणार. पट्टी काळी पडतेय ना? मग काय हरकत आहे?"

"पेशंटच्या तोंडात पट्टी घालणार आहेस की पक्कड?"

एकतीस वर्षे मी शस्त्रक्रियागृहाची मुख्य परिचारिका होते. मी पुढे झाले. "बाबा, एक पट्टी माझ्या हातची."

"घाला, आजी! शंकेखोरांची तर जास्तच काळी होते."

बाबा गर्दीला आपले रिकामे हात उंचावून दाखवत होते, तेवढ्यात मी पट्टीच्या पाठीवर तारीख घालून सही केली. सहीवाचून पट्टी आत टाकण्याची मला सवयच नाही.

झाकण पडले, मंत्र झाला, पेटी उघडली. पट्टी काळीकुळकुळीत! मी ती उलटली. पाठ कोरी.

"माझी सही?"

"लहरींनी पुसली, माते."

"तारीखसुद्धा? फारच टापटिपीच्या लहरी दिसतात."

मी पेटी ओढून घेतली आणि दात कोरायच्या आकड्याने तळ उचकटला. खाली दुसरा तळ निघाला. झाकणाची मूठ दाबली की वरची फळी कलंडे; पांढरी पट्टी खाली सरके, आणि आधीच कुठल्यातरी खऱ्या यंत्रात काळी करून आणलेली वर येई. माझ्या सहीची पट्टी खाली पडली होती, पांढरीफटक.

"घोर अपमान!" म्हणत बाबा दाराकडे सटकले. त्यांना कोणी अडवले नाही. सगळे सोनाराकडे पाहत होते.

"काल मी दोन मुलींचे कान टोचले," तो पुटपुटला.

"मग बसलास काय? आत्ता त्यांच्या घरी जा. खरं सांग, आणि त्यांना डॉक्टरकडे ने."

सूनबाईने पाचही पेशंटना फोन केले. मग वहीत लिहिले, 'यंत्र बंद. उपचार बंद.' "नोटीस येईल, आई."

"येऊ दे. नोटिशीला उत्तर देता येतं. तुझ्या पकडीने कावीळ लागलेल्या माणसाला काय उत्तर दिलं असतंस?"

वाचकहो, वाफेने पट्टी काळी पडते. काळ्या पट्टीने हत्यार शुद्ध होत नाही. भरलेल्या वहीवर आणि भारलेल्या पेटीवर विसंबू नका. तोंड उघडून खुर्चीत बसण्याआधी तेच तोंड उघडून विचारा: यंत्र चालू आहे का? मला दाखवा.