तीस फोटो, एक टेस्टर

बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत यादी जिल्ह्याला पोहोचली पाहिजे, असा निरोप होता. आणि बुधवारची दुपार झाली तरी अर्पितापुढची यादी एका दस्तखतीसाठी अडली होती.

जैनथच्या रस्त्यालगत, खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत हे प्रशिक्षण केंद्र चाले. तरुणांची बेकारी हटावी म्हणून शासनाने योजना आखली होती. ती चालवण्याचे कंत्राट एका संस्थेला मिळाले होते, आणि संस्थेने अर्पिताला केंद्राची समन्वयक नेमले होते. तीन महिन्यांत तीस मुलांना वायरमन करायचे, त्यांना काम लागल्याची नोंद पाठवायची, म्हणजे जिल्ह्याच्या तक्त्यातील बेकारांचा आकडा तीसने उतरतो, असा हा क्रम होता. सरावाच्या साहित्याची लाकडी पेटी मात्र वर्षभर कोपऱ्यात खिळेबंद पडून होती. ती उघडून शिकवणारा शिक्षक कोणी नेमलाच नव्हता.

दस्तखत करायची होती नागनाथ सरांनी. ते आयटीआयमधून निवृत्त झालेले शिक्षक. या वेळी बाह्य परीक्षक म्हणून प्रथमच आले होते. वेळूची काठी खुर्चीला टेकवून त्यांनी तीसही अर्ज एकेक करून पाहिले. प्रत्येकावर मुलाचा फोटो होता आणि मुलाच्या हातात टेस्टर.

“अर्पिता, सगळ्याइच्या हाती एकच टेस्टर दिसून राह्यला.”

“एकच आहे सर. मागच्या बॅचच्या फोटोसाठी घेतला होता, तोच या पोराइलेबी चालला.”

“म्हणजे नवरदेवाच्या कट्यारीसारखा! आज या घरी, उद्या त्या घरी.”

अर्पिता हसली नाही. “सर, करून टाका ना दस्तखत. दर घंट्याले फोन येऊन राह्यला. आकडा नाही गेला तं केंद्रच बंद करतो म्हणतात. अन् आमच्या हर्षदीपचं उद्या कापसाच्या जिनिंगमध्ये जॉइनिंग आहे. चार वर्सानं काम भेटलं त्याले.”

तिचा धाकटा भाऊ हर्षदीप याच तिसांतला. तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता. सर उठले. “बरं. मंग याचीच परीक्षा घेतो. बाबू, हे सॉकेट काढून दाखव.”

हर्षदीपने भिंतीवरचा खटका खाली पाडला. पंखा थांबला. त्याने बोर्डाचे झाकण उघडले आणि तारेला तोच फोटोतला टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला नाही.

“करंट नाही सर,” असे म्हणून त्याने तारेकडे बोटे नेली.

“हात मागं!”

काठी त्याच्या मनगटावर बसली. टेस्टर फरशीवर घरंगळला.

“मारता काऊन सर? पंखा बंद झाला, टेस्टरबी लागला नाही!”

सरांनी आपल्या खिशातला टेस्टर आधी शेजारच्या खोलीतील चालू बोर्डावर पारखला, आणि मग त्याच उघड्या तारेला लावला. तांबडा दिवा लख्ख पेटला! फरशीवरचा टेस्टर उचलून पुन्हा तिथेच लावला, तर तो काळाच राहिला.

“पंख्याची लाइन येगळी, सॉकेटची येगळी. अन् तुमचा हा टेस्टर मेलेला आहे. चालू लाइनीवर टेस्टर पारखल्याबिगर काम सुरू करू नये, हा पयल्या दिवसाचा धडा. तोबी तुमाले कोनं शिकवला नाही.”

त्या टेस्टरचा दिवा वर्षभरात कोणी लागलेला पाहिला नव्हता. कारण वर्षभरात त्याने फोटोखेरीज काही केलेच नव्हते.

“पन सर,” अर्पिता चाचरत म्हणाली, “एका टेस्टरपायी सगळी योजना वाईट कशी?”

“योजनेले वाईट मी म्हणतच नाही, पोरी. सरकारनं पैसा देल्ला, पेटी देल्ली. पन हे यादीबी टेस्टरच आहे. मेलेल्या टेस्टरनं जिती तार मेलेली दिसते, अन् तुया यादीनं बेकार पोरगा कामावरचा दिसते. मंग वरच्याइले वाटते, आता काई धोका नाही.”

अर्पिताची नजर भावाच्या मनगटावरील वळावर खिळली. मग तिचा चेहरा उतरला. “सर, मागची बॅच! अठ्ठावीस पोरं कामावर दाखवले. त्यातले काही खरंच कामावर गेले. सगळे ह्याच टेस्टरवाले.”

खाली रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला.

तिने यादी ओढली आणि तिच्यावर आडवे लिहिले: ‘प्रशिक्षण झालेले नाही. कोणास काम लागल्याची नोंद करू नये. शिक्षक व मुदतवाढ मिळावी.’ खाली स्वतःची दस्तखत केली.

“ताई, माझं जॉइनिंग?” हर्षदीपचा आवाज बारीक झाला होता.

“आधी जिता राह्य. मंग जॉइनिंग.”

“पेटीचे खिळे काढ,” सर त्याला म्हणाले. “शिक्षक येईपर्यंत मी येत जाईन.”

अर्पिताने मागच्या बॅचची यादी काढून फोन लावायला घेतले. तिघांशी बोलणे झाले. चौथा सुरज. तो एका ठेकेदाराकडे विजेच्या लाइनच्या कामावर होता.

“बोला मॅडम, लवकर. खांबावर आहो.”

“लाइन बंद आहे काय?”

“असंन बंद. ठेकेदार म्हने बंद आहे.”

“तू तपासली?”

“कायनं तपासू?”

“खाली उतर, सुरज! कोनाचं आयकू नको, आधी खाली उतर!”

फोनवर वारा ऐकू येत राहिला. बऱ्याच वेळाने धापा टाकत आवाज आला, “उतरलो.”

घड्याळात पाच वाजून गेले होते. अर्पिताने पाचवा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. तिने तोच पुन्हा लावला.

नागरिकहो, आपल्या गावातील बेकारी घटल्याचा तक्ता वाचनात आला, तर आनंद अवश्य मानावा. पण त्याआधी त्या यादीतील एका तरी मुलाच्या घरी जावे आणि त्याला काय शिकवले, ते विचारावे. काम मिळाल्याचा कागद म्हणजे काम नव्हे. खोटा आकडा बेकारी मिटवत नाही, फक्त दिसेनाशी करतो. आणि न दिसणाऱ्या तारेवर हात कोणाचा पडेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही.