‘एक्सेप्ट’चं वाक्य

ताईला जाऊन चार महिने झाले आणि तिच्या पुस्तकाची प्रुफं आली. इंग्रजीत हमखास गल्लत होणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि प्रत्येक शब्दाला एक वाक्य, असं ते पुस्तक. चाळीस वर्षं शाळेत हेच शिकवून ताईचा घसा बसला, पण हौस काही फिटली नव्हती. वाक्यांत सगळे घरचेच. धाकटीच्या नवऱ्याला तर ती मुद्दाम घ्यायची, कारण मेहुण्यांची टिंगल केली की शब्द लक्षात राहतात, असं तिचं शास्त्र होतं.

धाकटीने जेवणाचं टेबल पुसलं, प्रुफं आपल्यापुढे ओढली आणि ताईच्या हाताने लिहिलेली वही सवयीने पलीकडच्या खुर्चीपुढे उघडून ठेवली. दोघी बहिणींनी अशी कितीतरी पुस्तकं तपासली होती. ताई मूळ मजकूर मोठ्याने वाचायची, धाकटी छापलेल्या ओळींवर पेन्सिल फिरवायची. धाकटीने “हं” म्हटल्याशिवाय ताई पुढे जायची नाही. तीनदा वाचूनही “हं” आलं नाही, तर “कानात बोळे घातलेस काय, बारके?” म्हणून स्वतःच पुढचं वाचायची. आणि वाक्याला हात लावायचा नाही, हा नियम. चुका तुझ्या, वाक्य माझं, असं ती बजावायची.

आता दोन्हीकडे एकटीलाच बघायचं होतं. तिने चष्मा चढवला, तेवढ्यात पलीकडून ताईचा आवाज आला.

“लूस. दाराची कडी ढिली झाली आहे.”

भीती वाटायला हवी होती, पण आधी वाटलं ते सुखच. डोळे भरून आले आणि तोंडातून आपसूक “हं” निघालं. बाहेरच्या दाराची कडी खळकन खाली लोंबली.

“लूझ. माझी किल्ली हरवली.”

“हं.”

खुंटीवर आत्तापर्यंत असलेली ताईची किल्ली तिथे नव्हती.

“क्वाएट. घर शांत झालं आहे.”

याही वेळी “हं” निघून गेलं. जन्माची सवय, ती काय अशी सुटते? फ्रिजची घरघर थांबली. वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र थांबलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, पण टिकटिक नव्हती.

“क्वाइट. बहीण पुरती घाबरली आहे.”

हे मात्र “हं”ची वाट न बघताच खरं झालं होतं. तरी तिने ते म्हटलं.

“अ‍ॅक्सेप्ट. बहिणीने माझं काम स्वीकारलं.”

ओठांवर आलेलं “हं” तिने गिळलं. तिची नजर पुढच्या ओळीवर पडली होती. ‘एक्सेप्ट. मेहुणे सोडून सगळे घरी आले.’

नवरा सकाळी दातांच्या डॉक्टरकडे गेला होता, एकपर्यंत येणार होता. तिने फोन लावला. कानाला नुसती शांतता. घर शांत झालं होतं ना!

“अ‍ॅक्सेप्ट. बहिणीने माझं काम स्वीकारलं.” दुसऱ्यांदा, ढ मुलीला सांगावं तसं सावकाश.

“ताई, पुढचं नको गं वाचूस. पाया पडते तुझ्या.”

तिने वही मिटायला हात घातला, पण पान हलेना. कुणीतरी त्यावर अंगठा दाबून धरला होता. मग तिने पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा ताईचं वहीतलं वाक्य खोडलं. ‘मेहुणे’ गेले. पण त्यांच्या जागी कोण? एक्सेप्ट म्हटलं की कुणीतरी मागे राहायलाच हवं, हे तिला ताईनेच शिकवलेलं. वरची शिवणकाम करणारी काकू तिच्या मनात आली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिसरं वाचन संपत आलं होतं. तिने घाईघाईने दोन अक्षरं लिहिली.

“एक्सेप्ट,” आवाज म्हणाला आणि थांबला. रागवेल, असं धाकटीला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“ताई सोडून सगळे घरी आले.”

आणि आवाज वाट बघू लागला.

धाकटीला “हं” म्हणवेना. आवाजाने वाक्य पुन्हा वाचलं, खूप हळू. तेवढ्यात दार ढकललं गेलं. उंबऱ्यापलीकडे नवरा उभा होता. काहीतरी बोलत होता, ओठ हलत होते, पण ऐकू येत नव्हतं. त्याने पाऊल उचललं, ते आत पडेना. “हं”शिवाय वाक्य पुरं होत नव्हतं, आणि तोवर कुणालाच घरी येता येत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग भीती आली.

“ताई सोडून...” आवाज तिसऱ्यांदा सुरू झाला, आणि या वेळी तो रडत होता.

“हं,” धाकटी म्हणाली.

“दार उघडं टाकून बसलीस होय?” म्हणत नवरा आत आला. वर शिवणयंत्र सुरू झालं. तिला हुंदका आवरेना. तो जवळ बसला, पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “रड. चार महिन्यांत रडली नाहीस. माणूस गेलं की आपल्या हातात काय असतं?”

चार महिन्यांपूर्वी ताई आजाराने गेली होती. आज तिला धाकटीने घालवलं होतं.