चवबाईंचा वाढदिवस

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांना सगळे चवबाई म्हणत. तीनशे रुग्णांचं जेवण वर वॉर्डांत जाण्याआधी प्रत्येक पातेल्यातला एक चमचा चवबाईंच्या जिभेवरून जायचा. त्यांनी मान हलवली की ट्रॉल्या लिफ्टकडे निघायच्या. एकवीस वर्षं असंच चाललं होतं. सूपमध्ये गाजर कालचं आहे की आजचं, हे त्या डोळे मिटून सांगत. घरीही तीच कीर्ती. कुणाकडे जेवायला गेलं की मुलगा कोपराने ढोसून विचारायचा, ‘‘आई, यात काय काय आहे?’’ आणि चवबाई एकेक जिन्नस मोजून दाखवायच्या. लहानपणी मुलाला वाटायचं, सगळ्यांच्याच आयांना हे येतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांना साधा ताप आला. चार दिवस पडून राहिल्या, पाचव्या दिवशी उठल्या, चहा केला, आणि कप तोंडाला लावला तर नुसतं गरम गोड पाणी. चहाचा वासच नाही. सर्दी असेल म्हणून त्यांनी आठवडाभर वाट पाहिली. मग महिनाभर. जिभेला मीठ कळत होतं, साखर कळत होती, आंबट-कडू कळत होतं, मिरी झोंबत होती. पण त्यापलीकडचं सगळं गेलं होतं. केळं म्हणजे गोड लगदा, मासा म्हणजे खारट कापूस.

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि नाक गेलेल्या चवबाईला स्वयंपाकघरात कोण ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. कामावर त्या सगळं वजनकाट्यावर मोजून घालू लागल्या. तरी एकदा मोठ्या पातेल्यातली डाळ तळाला करपली आणि चवबाई शेजारीच उभ्या राहून शांतपणे यादी लिहीत राहिल्या. सामानाच्या खोलीतून कोठीवाली धावत आली, तिने आच बंद केली आणि चवबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. कोठीवाली त्यांच्याबरोबर एकवीस वर्षं होती. तिला एका नजरेत कळलं. त्या दिवसापासून चवबाई चमचा तोंडाला लावायच्या, पण त्याआधी तोच पदार्थ कोठीवालीने गुपचूप चाखलेला असायचा. तिने पदराशी बोट वर केलं की चवबाई मान हलवायच्या.

अशात अठ्ठावन्नावा वाढदिवस आला.

मुलगा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत उंच इमारती झाल्या होत्या, तिथल्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती. त्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर एक उंची रेस्टॉरंट होतं. दोन वर्षं तो हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन त्या काचेसमोरून जायचा आणि आतल्या टेबलांकडे बघायचा. एकदा त्यांच्या जेवण वर-खाली नेणाऱ्या छोट्या लिफ्टचा दोर अडकला होता, तेव्हा त्याला आत जायला मिळालं. स्वयंपाकघरात जे शिजत होतं त्याचा वास नाकात घेऊन तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, ‘‘आईला तिथे न्यायचं. तिच्या जिभेच्या लायकीची जागा आहे ती.’’

‘‘कशाला एवढं?’’ चवबाई म्हणाल्या. ‘‘घरीच काहीतरी करू.’’

‘‘तुझ्याच वाढदिवसाला तूच कढईपुढे? ते काही नाही. टेबल सांगून ठेवलंय.’’

चवबाई आणखी एक सबब सांगणार होत्या. पण पोरगा इतका हरखला होता की त्यांना नाही म्हणवेना.

सात वाजता ते चौघे पोहोचले. बाहेर अजून उजेड होता. आत भिंती करड्या रंगाच्या, टेबलं एकमेकांपासून इतकी लांब की शेजारच्यांचं बोलणं ऐकूच येऊ नये. चवबाईंचे यजमान टेलरमास्तर होते. त्यांनी बसल्या बसल्या नॅपकिन उलटा करून त्याची शिवण पाहिली.

‘‘हातशिलाई आहे,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘याला मी तोंड कसं पुसू?’’

‘‘अहो, ठेवा तो मांडीवर,’’ चवबाई म्हणाल्या.

‘‘मांडीवर घेऊन काय थोपटू?’’

सून खुदकन हसली. ती बालवाडीत शिकवायची. सासऱ्यांच्या बोलण्यावर हसणं आणि वर्गात हसू दाबणं, या दोन्हींची तिला सवय होती.

वाढणारी बाई तिशीची असावी. काळा ॲप्रन, केस घट्ट बांधलेले. तिने प्रत्येकापुढे मुठीत मावेल एवढा पांढरा पेला ठेवला. आत पांढरंच दाट सूप, वर तेलाचे दोन थेंब.

‘‘ही आमच्या मुख्य आचाऱ्यांकडून सुरुवातीची भेट, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘यात आहे...’’

‘‘थांबा, थांबा!’’ मुलगा म्हणाला. ‘‘सांगू नका. आज माझ्या आईचा वाढदिवस आहे. ती चव घेऊन तुम्हाला सांगेल यात काय आहे ते. अहो, रुग्णालयात तिला चवबाई म्हणतात.’’

वाढणारी बाई कौतुकाने हसली आणि हात मागे बांधून उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनीसुद्धा मान वळवली. म्हणजे ऐकू येत होतं तर.

चवबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पेला उचलला, सवयीने डोळे मिटले आणि एक घोट घेतला. गरम. मऊ. मीठ बेताचं. बस. बाकी भिंतीला तोंड लावल्यासारखं. जिभेने त्यांनी ते टाळूवर पसरून पाहिलं. किंचित रवाळ लागलं. पांढरं, दाट, रवाळ. एकवीस वर्षांचा अनुभव पणाला लावून त्या म्हणाल्या, ‘‘बटाटा. बटाटा आणि लोणी.’’

वाढणारी बाई पळभर थांबली. मग म्हणाली, ‘‘अगदी बरोबर.’’

‘‘बघा!’’ मुलाने टेबलावर थाप मारली. आजोबांनी दोन बोटांनी टाळी वाजवल्यासारखं केलं. वाढणारी बाई निघून गेली. चवबाईंनी पेला खाली ठेवला, पण त्यांचा जीव काही भांड्यात पडला नाही. तो पळभर त्यांनी पाहिला होता.

सुनेने आपला घोट घेतला आणि ती नुसतीच पेल्यात बघत राहिली. मास्तरांनी मात्र दोन घोटांत पेला रिकामा केला.

‘‘छान आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण हा फ्लॉवर आहे.’’

‘‘बाबा, बटाटा आहे तो.’’

‘‘अरे, फ्लॉवर आहे. भाजलेला. आणि बदामासारखं काहीतरी.’’

‘‘बाबा, आई सांगतेय ना! ती बाईसुद्धा बरोबर म्हणाली. तुम्हाला चवीतलं काय कळतं? तुम्हाला भात काय, भाकरी काय, सगळं सारखंच लागतं.’’

 मास्तरांनी नॅपकिनची कड पुन्हा बोटांत धरली. ‘‘असेल बाबा,’’ ते पुटपुटले. ‘‘माझंच चुकत असेल.’’

इतका वेळ चवबाई मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या. पण नवऱ्याने खरं बोलून वर माघार घ्यावी, तीही आपल्यापायी, हे त्यांना सोसेना.

‘‘त्यांचं बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘फ्लॉवर असेल. मला ठाऊक नाही. मला चौदा महिने झाले, कसलाच वास येत नाही.’’

 मुलगा हसायला लागला आणि मध्येच थांबला.

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे काहीच नाही. तापानंतर गेलं. खारट, गोड, तिखट एवढंच कळतं. बाकी सगळं सपाट.’’

‘‘म्हणून...’’ सून हळूच म्हणाली, ‘‘आई, म्हणून तुम्ही मी दिलेल्या अत्तराबद्दल काही बोलला नाहीत?’’

‘‘काय बोलू? रोज लावते. किती लावायचं ते कळत नाही.’’

‘‘ते आम्हाला कळतं,’’ सून म्हणाली आणि मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

मास्तर मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडकले होते. ‘‘चौदा महिने?’’ त्यांनी विचारलं. ‘‘अगं, मग ती मिरी?’’

‘‘कुठली मिरी?’’

‘‘भाजीत मिरी, आमटीत मिरी, अंड्यावर मिरी. परवा तर ताकात! मला वाटलं, तू माझ्यावर चिडली आहेस.’’

‘‘मी? कशाबद्दल?’’

‘‘तेच तर कळत नव्हतं! चौदा महिने आठवतोय, मी असं काय केलं. शिवणयंत्र पुढच्या खोलीत आणलं म्हणून असेल, असं वाटून ते परत मागे नेलं. तरी मिरी चालूच.’’

चवबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांना आठवलं, मास्तरांनी एका रविवारी एकट्याने यंत्र ढकलत मागे नेलं होतं आणि नंतर आठ दिवस कंबर धरून फिरत होते. ‘‘अहो, विचारायचं तरी,’’ त्या म्हणाल्या.

‘‘विचारलं असतं तर तू आणखी घातली असतीस.’’

सुनेला हसू आवरेना. मास्तरही हसले, आणि मग चवबाई. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी तो हातशिलाईचा नॅपकिन डोळ्यांना लावला. मुलगा मात्र हसत नव्हता. तो रिकाम्या पेल्यांकडे बघत होता.

‘‘दोन वर्षं मनात होतं,’’ तो म्हणाला. ‘‘तुला इथे आणायचं, तू खाशील, आणि एकेक सांगशील. आणि मी तुला या माणसांसमोर...’’

‘‘तुला काय माहीत होतं?’’

‘‘तू सांगायला हवं होतंस आई.’’

‘‘हो. हवं होतं,’’ चवबाई म्हणाल्या. त्यांनी सबब सांगितली नाही. मग त्या म्हणाल्या, ‘‘तू मला घेऊन आलास, ते कळायला मला नाक लागतं का रे?’’

मुलाने मान खाली घातली, पण त्याचे खांदे सैल झाले.

वाढणारी बाई पेले उचलायला आली. चवबाई तिला म्हणाल्या, ‘‘फ्लॉवर होता ना?’’

तिचा चेहरा लाल झाला. ‘‘हो. भाजलेला फ्लॉवर आणि बदाम. माफ करा काकू. वाढदिवस म्हणाले, म्हणून मला नाही म्हणवेना.’’ मॅडमच्या काकू कधी झाल्या ते तिलाही कळलं नाही.

सुनेने तिला सगळं सांगितलं, बालवाडीत सांगतात तसं, स्पष्ट आणि न लाजता. ती ऐकत राहिली, ‘‘मी आत विचारून येते,’’ म्हणाली, आणि परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक ठेंगणा, घामाघूम माणूस होता. मुख्य आचारी. त्याने चवबाईंना एकच प्रश्न विचारला, ‘‘कुरकुरीत कळतं?’’

‘‘कळतं.’’

‘‘गार-गरम?’’

‘‘कळतं.’’

‘‘मग जेवाल तुम्ही,’’ तो म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर जे आलं ते बाकीच्यांच्या ताटांसारखं नव्हतं. मासा आला, त्याची वरची कातडी काचेसारखी तडकणारी. आंबट फोडी आल्या, त्यांच्याखाली बर्फाचा चुरा. ऊन ऊन पाव आला, त्याचा पापुद्रा दाताखाली मोडला तसा मास्तरांनाही आवाज ऐकू गेला. चवबाई सावकाश जेवत होत्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी घास गिळण्याआधी तोंडात थोडा वेळ ठेवला. सून प्रत्येक पदार्थ चाखून त्यांना सांगत होती. ‘‘आई, हे उन्हात वाळलेल्या चादरीसारखं लागतंय. हे जरा उद्धट आहे, आधी गप्प बसतं आणि मग मागून ओरडतं.’’

‘‘लसूण असेल,’’ चवबाई म्हणाल्या.

‘‘लसूणच आहे!’’ मुलगा ओरडला, आणि शेजारच्या आजोबांनी पुन्हा मान वळवली.

मास्तरांचं पोट तेवढं भरलं नाही. ताटाएवढी बशी आणि बोटभर खाणं, असं ते गाडीत बसेपर्यंत म्हणत होते.

सोमवारी चवबाई रुग्णालयाच्या आहारप्रमुख बाईंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. फक्त कोठीवालीचा दोष नाही, एवढं दोनदा सांगितलं. प्रमुख बाई चांगल्याच रागावल्या. डाळ करपली ते ठीक, पण दूध नासलेलं असतं तर, असं त्यांनी विचारलं.  त्यांना लेखी समज मिळाली आणि ती त्यांनी मुकाट्याने सही करून घेतली. पण काढून कुणी टाकलं नाही. चमचा कोठीवालीच्या हातात गेला, आता उघडपणे. आठवड्याची आखणी, पथ्याचे तक्ते आणि नव्या बायकांना शिकवणं चवबाईंकडे आलं. पहिल्या दिवशी कोठीवालीने सूप चाखून मान हलवली, तेव्हा चवबाई भाजीच्या टेबलाकडे वळून उगाचच गाजरं मोजत राहिल्या. महिन्याभराने तेही सुटलं.

नाकाच्या डॉक्टरांनी चार वेगवेगळ्या वासांच्या चार छोट्या बाटल्या दिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. येईलच असं नाही, ते म्हणाले, आणि आलंच तर सुरुवातीला वेडंवाकडं येईल. चवबाई नेमाने हुंगत राहिल्या. मास्तर समोर बसून घड्याळ लावायचे. तीन महिने काही नाही. चौथाही गेला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी त्या कोठीत कांदे मोजून घ्यायला गेल्या आणि दारातच थबकल्या.

‘‘इथे काहीतरी कुजलंय,’’ त्या म्हणाल्या.

‘‘माझ्या कोठीत?’’ कोठीवालीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘‘माझ्या कोठीत काही कुजत नसतं.’’

‘‘अगं, घाण येतेय! नाकात जातेय!’’

चवबाई काय बोलल्या हे दोघींना एकदमच उमगलं. मग दोघींनी मिळून एकेक पोतं ओतलं. तिसऱ्या पोत्याच्या तळाशी पाणी सुटलेला, काळा पडलेला एक कांदा निघाला. चवबाईंनी तो दोन बोटांत धरला, नाकापाशी नेला, आणि कोठीवाली ‘‘अहो टाका तो, टाका,’’ म्हणत असताना पुन्हा एकदा खोल श्वास घेतला.