दोन घरांचा आलेख

मुलं कमी म्हणून बाईंची शाळा बंद झाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आता आपल्याला कुठे टाकतात या घोरात त्या असताना हुकूम आला, की घरून शिकणाऱ्या मुलांच्या केंद्रात हजर व्हा. ही मुलं आजारपणामुळे, नाहीतर ऑपरेशननंतर शाळेत जाऊ न शकणारी. त्यांना बाईंनी गणित शिकवायचं होतं, संगणकासमोर बसून.

शिकवायची खोली जेमतेम एका टेबलाची. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड स्पंज लावलेला. दार लावलं की स्वतःच्या श्वासाचासुद्धा आवाज यायचा. समोर पडद्यावर काळे चौकोन आणि प्रत्येकाखाली मुलांनी स्वतःच घेतलेली टोपणनावं. मुलं आजारी, म्हणून कॅमेरा लावायची सक्ती नव्हती. मग कोण कशाला लावतंय?

बाईंची सगळी हयात चेहरे वाचण्यात गेली होती. मागच्या बाकावरची मुलगी पेन चावायला लागली, की त्या अपूर्णांकाचं उदाहरण पुन्हा पहिल्यापासून घेत. इथे त्या विचारत, "कळलं का?" वाक्य पुरतं तोंडातून बाहेर पडायच्या आत पडद्यावर अंगठे उगवायचे. पहिल्या महिन्यात त्यांना वाटायला लागलं, आपण विहिरीत तोंड घालून बोलतोय.

घरीही बोलायला कोणी नव्हतं. बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या. धाकटीच्या तोंडाला खीळ म्हणून नाही. न्हाणीघरातूनही तिचं बोलणं चालू असायचं आणि बाई कातावून म्हणायच्या, "अगं, जरा श्वास घे." पन्नाशीला टेकल्यावर धाकटीने लग्न केलं आणि ती नवऱ्याच्या गावी गेली. बाईंनी हौसेनं सगळं केलं. पाठवणी झाली, आणि घर एकदम मुकं झालं.

केंद्रातला यंत्रं सांभाळणारा माणूस अबोल होता, पण शिकवायचा नीट. एक दिवस त्याने बाईंना आलेख काढायचा प्रोग्राम दाखवला. पट्टीवरचा ठिपका बोटाने सरकवला, की पडद्यावरची रेघ कलंडायची. ठिपका मागे आणला, की ती आडवी व्हायची. खडूने शंभरदा काढूनही जे मुलांच्या गळी उतरत नसे, ते इथे डोळ्यांदेखत घडत होतं. बाई तासभर ठिपका पुढेमागे करत बसल्या. मग कोणाला तरी दाखवावं म्हणून मान वळवली, तर यंत्रवाला केव्हाच निघून गेला होता.

त्याच भरात त्यांनी मुलांना नवा गृहपाठ दिला. "फोनमध्ये आवाज मोजायचं अ‍ॅप असतं. एक दिवस घरातला आवाज मोजा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर आवाज. प्रत्येक उंचवटा कशाचा, तेही लिहा. आकडे काढून मोकळं व्हायचं नाही, आलेख वाचायचा."

आलेख आले आणि बाई त्या स्पंजच्या खोलीत एकट्याच हसल्या. एकाने सर्वांत उंच टोकाखाली लिहिलं होतं, 'आजोबांची शिंक'. एकीने डोंगरच डोंगर काढले होते आणि खाली लिहिलं होतं, 'आई आणि काकू, विषय माहीत नाही'.

'चिमणी' नाव घेतलेल्या मुलीचा आलेख मात्र सकाळपासून सपाट होता. तळाशी सरपटत गेलेली रेघ, आणि अगदी शेवटी, संध्याकाळी, एक लहानसा उंचवटा. बाईंना वाटलं, हिने टाळाटाळ केली. त्यांनी लिहिलं, "पुन्हा मोज. फोन बंद राहिला होता का?"

उत्तर आलं, "नाही बाई. सुरूच होता. तो उंचवटा कुलपाचा आहे. आई कामावरून येते तेव्हाचा."

बाईंनी केंद्राची यादी पुन्हा काढली. या मुलीपुढे लिहिलं होतं, पाठीच्या कण्याचं ऑपरेशन, पडून राहणं आवश्यक. बाईंनी ते पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि पुढे सरकल्या होत्या.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतःचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि दिवसभर नेहमीची कामं केली. संध्याकाळी ठिपके जोडले. रेघ तळाशीच सरपटली होती. दोन उंचवटे होते. एक चहाच्या भांड्याचा आणि दुसरा त्यांना ठसका लागला त्याचा. आपण अख्ख्या दिवसात एक शब्द बोललो नाही, हे त्यांना रेघ पाहून कळलं. अंधार पडला तरी दिवा लावायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिमणीला लिहून विचारलं, "तुझा आलेख वर्गात दाखवू का?"

"चालेल. पण माझा आहे म्हणून सांगू नका."

बाईंनी एकाच पडद्यावर दोन्ही रेघा ठेवल्या. चिमणीची निळी, स्वतःची लाल. कोणाच्या ते सांगितलं नाही. "ही दोन घरं आहेत. वाचा बघू."

एकाने लिहिलं, 'मोजणाऱ्याचा फोन बिघडलाय.' दुसऱ्याने लिहिलं, 'दोन्ही घरं रिकामी आहेत.' बाकीच्यांनी त्यालाच अंगठे दिले.

तेवढ्यात खरखर झाली. कोणीतरी माइक सुरू केला होता. आवाज आला, कित्येक दिवस न वापरल्यासारखा, बसलेला.

"रिकामी नाहीत. रिकाम्या घरात उंचवटा कसा येईल? दोन्हींत एकेक माणूस आहे."

वर्गाने चिमणीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. बाईंनीही. त्या म्हणाल्या, "बरोबर. कशावरून म्हणतेस, ते सगळ्यांना नीट सांग."

ती सांगत गेली. आवाज अधूनमधून चिरकत होता. सपाट म्हणजे शून्य नव्हे, रेघ अक्षाच्या किंचित वर आहे, म्हणजे कुणीतरी हलतंय, श्वास घेतंय.

त्यानंतर तास संपला तरी चिमणी वर्गातून बाहेर पडेनाशी झाली. बाईही संगणक बंद करीनात. ती गणितं सोडवायची, बाई वह्या तपासाव्यात तसे गृहपाठ तपासायच्या. मध्येच ती विचारायची, "बाई, आहात?"

"आहे. तू कर."

एकदा तिने विचारलं, "ती लाल रेघ कोणाची होती?"

"माझी."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि पुढच्या गणिताकडे वळली.

हिवाळा असाच गेला. मग एक दिवस काळ्या चौकोनाच्या जागी चेहरा आला. बाईंनी कल्पनेत एक किरकोळ, मोठ्या डोळ्यांची मुलगी रंगवली होती. ही तर गोल गालांची, केस बारीक कापलेली, खुर्चीत ताठ बसलेली. मागे खिडकी आणि खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. इतक्या दिवसांच्या ओळखीनंतर दोघींनाही संकोच वाटला.

"बाई, मला बसता येतं. सोमवारपासून शाळेत जायला सांगितलंय डॉक्टरांनी."

"छान झालं," बाई म्हणाल्या. "फार छान झालं. दप्तर जड घेऊ नकोस."

"तुम्हाला फोन करीन मी."

"कर. पण आधी शाळेत मैत्रिणी कर."

सोमवारी पडद्यावर एक चौकोन कमी होता. बाईंनी नवा धडा सुरू केला. तास संपल्यावर त्या सवयीने थांबल्या. एकेक चौकोन विझत गेला आणि शेवटी त्यांचा स्वतःचाच चेहरा तेवढा उरला. त्यांनी संगणक बंद केला.

चिमणीचा फोन पहिल्या आठवड्यात आला. शाळेचा जिना, नवे सर, डबा खाताना शेजारी बसणारी मुलगी, सगळं तिने एका दमात सांगितलं. मागे आईचा हसण्याचा आवाज येत होता. पुढच्या आठवड्यात फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. असंच व्हायला हवं होतं, हे बाईंना कळत होतं. तरी संध्याकाळी भाजी चिरताना फोन हाताशी राहील असा त्या ठेवायच्या.

महिनाअखेरीला त्यांनी केंद्रप्रमुखांकडे जाऊन सांगितलं, की तास संपल्यावर रोज अर्धा तास वर्ग उघडा ठेवायची रीतसर परवानगी हवी.

"पण मुलं थांबतात का?" प्रमुखांनी विचारलं.

"आत्ता तरी नाही थांबत," बाई म्हणाल्या. "कोणाला थांबावंसं वाटलं, तर मी असायला हवी."

परवानगी मिळाली. बाई आता रोज त्या खोलीत तासानंतर बसतात. बहुतेक दिवस कोणी थांबत नाही. त्या दुसऱ्या दिवशीचे आलेख तयार करतात, ठिपका सरकवून रेघ कलते का पाहतात, आणि वेळ झाली की दार ओढून घरी जातात.