नऊ किलोचं माणूस

"सर, हे साठ किलो वजन कुणाचं?"

अश्विनीचा प्रश्न ऐकून सुमंत सरांनी चष्मा कपाळावर चढवला. नगरच्या एमआयडीसीतल्या त्या प्रयोगशाळेत खाण्यातल्या रसायनांचं गणित वर्षानुवर्षं त्याच तक्त्यावर चालत आलं होतं.

"खाणाऱ्याचं. मोठ्या माणसाचं, सरासरी."

"पण हा गूळ अंगणवाडीच्या लाडवांसाठी जाणार आहे. माझी राजनंदिनी नऊ किलोची आहे, सर."

गूळ तिच्याच सासऱ्यांच्या, काष्टीच्या गुऱ्हाळातला. हे तिने नमुना आला तेव्हाच सांगून टाकलं होतं. सोन्यासारखा पिवळाधमक. त्या रंगासाठी उकळत्या रसात पावडर पडायची आणि तिच्यातला गंधक थोडाफार गुळात उरायचा. साठ किलोच्या माणसाला तो चालत होता. अश्विनीने साठच्या जागी नऊ लिहिलं, पोर दिवसाला किती लाडू खातं तेही मांडलं. मर्यादा ओलांडली गेली, रकाना लाल झाला.

सरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा पडताळले. "हे आपण कधीच करायला हवं होतं. लिही रिपोर्ट. सही तुझीच."

तिने सही केली. लग्नानंतर तिला एम.एस्सी.ला घातलं होतं ते सासऱ्यांनीच.

सासऱ्यांनी, कानिफनाथअण्णांनी, रिपोर्ट दोनदा वाचून घेतला. "म्हंजी आमचा गूळ नापास? आन् केला कुनी, तर सूनबाईनं!"

"अण्णा, गूळ नाही, पावडर नापास झाली."

"पावडरीआदी भेंडीचं पानीच घालून मळी काढीत हुता की तुमी," सासूबाई भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"काळा गूळ कोन घेतंय आता?" अण्णा ताटावरून उठले.

आठ दिवस ते सुनेशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी तिच्या डब्याच्या पिशवीत गुळाचा खडा ठेवला, तपकिरी, खमंग वासाचा. "तपास. नऊ किलोवर."

पास झाला.

शनिवारच्या बाजारात पिवळ्या ढेपांच्या रांगेत अण्णांची तपकिरी ढेप उठून दिसत होती.

"अण्णा, करपला का काय गूळ?" शेजारच्या राधाकृष्णने टोमणा मारला.

"करपला न्हाई. नातीच्या वजनावर पास झालाय. तुझा कुनाच्या वजनावर झालाय, सांग की!"

अण्णांनी अश्विनीच्या कडेवरून राजनंदिनीला घेतलं आणि गुळाच्या काट्यावर बसवलं. काटा डुलला, स्थिरावला. त्यांनी वाकून नीट पाहिलं.

"सूनबाई, सव्वानऊ भरली. तक्त्यात दुरुस्त कर."