कमी त्रासाचा कुत्रा

मित्रांनो, मी एक जुना पग आहे. कुत्रा म्हातारा होतो, जुनी होते ती खुर्ची किंवा पंखा, एवढं मलाही कळतं. पण मला या घरात आणलं ते खुर्ची आणावी तसं, आणि गेली आठ वर्षं मी वापरला गेलो तोही तसाच. तेव्हा जुना हाच शब्द बरा. माझी गोष्ट सांगायला मला जरा वेळ लागेल, कारण दोन-चार वाक्यं झाली की मला थांबून दम घ्यावा लागतो. तुम्हाला घाई असेल तर एखाद्या छत्रीची किंवा घड्याळाची गोष्ट ऐका, ती भराभर सांगतात.

पिल्लं विकणाऱ्या एका बाईंच्या घरी, मागच्या खोलीत माझा जन्म झाला. आम्ही पाच भावंडं. आमची डोकी इतकी मोठी होती की आईला आम्हाला आपलं आपण जन्माला घालणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांनी तिचं पोट फाडून आम्हाला बाहेर काढलं. तिची ती तिसरी खेप होती. टाके ओले असतानाच आम्ही तिला लुचायला लागलो आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

बाई रोज सकाळी आम्हाला एकेक करून उचलायच्या आणि अंगठ्यानं आमचं नाक चाचपायच्या. ज्याचं नाक जास्त आत, त्याला गिऱ्हाईक लवकर. आमच्या खापरपणजोबांना म्हणे चांगलं बोटभर नाक होतं. पण माणसांना चपटं तोंड गोड वाटलं. मग त्यांनी चपट्यांची चपट्यांशीच लग्नं लावली, त्यांच्या पोरांतून पुन्हा चपटीच तेवढी निवडली, आणि असं करता करता नाक संपलं. उरल्या त्या नाकपुड्या, त्याही नखानं ओढलेल्या दोन रेघांएवढ्या. माझ्या एका भावाला मात्र कसं कोण जाणे, थोडं नाक आलं होतं. तो खोलीभर हुंदडायचा. बाई त्याच्याकडे बघून नाक मुरडायच्या. मी विक्री सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात खपलो.

मला कसं निवडलं, ती हकीकत या घरातल्या बाबांनी पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितली आहे की माझी पाठ झाली आहे. बाबा एका कारखान्याच्या खरेदी खात्यात आहेत. पंप घ्यायचा असो की पायपुसणी, त्यांची रीत एकच. दोन नमुने मागवायचे, कागदावर शेजारी शेजारी दोन रकाने आखायचे, एकेका मुद्द्याला दहापैकी गुण द्यायचे आणि बेरीज जास्त येईल तो माल घ्यायचा. घरातला मिक्सर असा आला, गाद्या अशा आल्या, ताईची शाळासुद्धा अशीच ठरली. बाबांनी बायकोही तशीच निवडली, असं आत्या एकदा म्हणाली होती. आई त्यावर हसली नव्हती.

तर कागदावर दोन रकाने पडले. एकात बीगल, एकात पग. बीगल लांब कानांचा, वासामागे धावणारा, रोज दोन तास पळवलं नाही तर चपला फाडणारा, आणि एकटा ठेवला तर गळा काढणारा. पग आवाज करत नाही, कोपऱ्यात मावतो, फिरवायला न्यावं लागत नाही, दिवसभर पडून राहतो. केस गळण्यात तेवढा पगानं मार खाल्ला. बाकी सगळीकडे तोच पुढे. बाबांनी बेरीज केली आणि पेनाचं टोपण लावलं.

ताई तेव्हा आठ वर्षांची होती. साबण आणायला दुकानात धाडली तरी पळत जाणारी मुलगी. ती म्हणाली, "मला बीगल हवा. माझ्याबरोबर पळणारा."

"अगं, पळवावं लागत नाही हाच तर त्याचा गुण आहे," बाबा म्हणाले. "कमी त्रासाचा कुत्रा आहे हा."

"पण त्याला पळावंसं वाटत असेल तर?"

याला कागदावर रकाना नव्हता. बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि बाईंना फोन लावला.

पहिले काही महिने माझं फार कोडकौतुक झालं, हे कबूल केलं पाहिजे. मी श्वास घेताना घुरघुर व्हायची, म्हणून ताईनं माझं नाव इंजिन ठेवलं. "इंजिन आलं, बाजूला व्हा," असं म्हणत ती माझ्यापुढून चालायची. आई घरीच शिवणकाम करते. कुणाचा ब्लाउज सैल कर, कुणाची पँट तोकडी कर, असं तिचं दिवसभर चालू असतं. मी तिच्या मशीनखाली चिंध्यांच्या टोपलीशी बसायचो. आडवा झालो की माझ्या घशाला आतून दार लागायचं, म्हणून मी बसूनच डुलक्या घ्यायचो, हनुवटी टोपलीच्या काठावर टेकवून. सगळ्यांना ते फार गमतीचं वाटायचं. शिवायला कपडे घेऊन येणाऱ्या बायका मोबाइलवर माझे व्हिडिओ काढायच्या. "बघा कसा समाधी लावून बसलाय," असं म्हणून पोट धरून हसायच्या. मला वाटायचं, हसतात म्हणजे आवडतो. मी तेव्हा लहान होतो.

मग ताईच्या शाळेतल्या शर्यती आल्या. इमारतीच्या मागे मोकळं मैदान आहे. तिथे ती संध्याकाळी सराव करायची. एक दिवस आई कामात होती आणि बाबा यायचे होते, तेव्हा ताईनं मला हळूच खाली नेलं. पट्टा सोडला आणि म्हणाली, "चल इंजिन."

मित्रांनो, माझे पाय चांगले आहेत. पायांबद्दल माझी आजही तक्रार नाही. त्या दिवशी मी पळालो. गवत पोटाला लागत होतं, पुढे ताईची वेणी उडत होती, आणि मी तिच्या मागे नव्हतो, चांगला शेजारी होतो. माझ्या आयुष्यात मी जे काही केलं त्यात तेवढं एकच मला स्वतःला आवडलेलं आहे. एक फेरी झाली. दुसरी निम्मी झाली असेल, तेव्हा मैदान एका बाजूला कललं. माझी जीभ जांभळी पडली होती असं ताईनं नंतर सांगितलं. मी पडलो ते तिच्या पायातच.

तिनं मला उचललं आणि कोपऱ्यावरच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत पळत नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला गार पाण्यात भिजवलेल्या टॉवेलात गुंडाळलं, नळीनं प्राणवायू दिला. तासाभरानं बाबा आले तेव्हा मी उठून बसलो होतो.

"नाव काय याचं?" डॉक्टरीणबाईंनी कागद भरत विचारलं.

"इंजिन. आवाज करतो ना, म्हणून," ताई म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खणातून शीतपेयाच्या दोन बारीक नळ्या काढल्या, एक बाबांना दिली, एक ताईला. "नाक दाबून धरा आणि मिनिटभर यातून श्वास घ्या," त्या म्हणाल्या. ताईनं अर्धं मिनिट कसंबसं काढलं आणि नळी थुंकली. तिचे डोळे भरून आले होते. बाबांनी नळी हातातच धरून ठेवली.

"हा चोवीस तास असाच असतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही याला घोरणं म्हणत असाल, पण तो घोरत नाही, हवा ओढतोय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून वारा घेतला तरच त्याचं अंग गार होतं, आणि याला वाराच मिळत नाही."

"म्हणजे आम्हाला पिल्लूच सदोष दिलं म्हणा की."

"नाही हो. अगदी नमुनेदार दिलंय. सगळ्यांना असाच हवा असतो."

मग त्यांनी सांगितलं की एक लहानशी शस्त्रक्रिया आहे. नाकपुड्या रुंद करायच्या, घशातली वाढलेली टाळू थोडी कापायची. वर्षाच्या आत केली तर कुत्रा पुढे सुखानं श्वास घेतो. उशीर झाला की घसा आतून बसत जातो, मग हृदयावर येतं. मी तेव्हा नऊ महिन्यांचा होतो.

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. वाटेत ते ताईला म्हणाले, "आपण तो घेतलाच मुळी न पळणारा म्हणून. पळवायचाच नाही, तर दुरुस्ती कशाची करायची?" त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. पंपाचा आवाज येतोय, पण पाणी चढतंय ना, मग उघडा कशाला.

तरी कुणी साफ नाही म्हटलं नाही. आई म्हणाली, लग्नाचे कपडे हातात आहेत, तेवढे होऊ देत. ते झाले. मग ताईची परीक्षा आली. मग उन्हाळा आला आणि उन्हाळ्यात नको असं ठरलं. ताईनं दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा काढला तेव्हा बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तू पळवलं नसतंस तर काही झालंच नसतं." त्यानंतर तिनं विचारलं नाही. माझा वाढदिवस आला आणि गेला.

मला तिचा राग येतो का? येतो. बाबांचा येत नाही, त्यांना कधी काही दिसलंच नाही. ताईनं ती नळी तोंडात धरली होती.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मला फिरवायला खाली नेणं बंद झालं. पडून राहून मी लठ्ठ झालो, आणि लठ्ठ झालो म्हणून श्वास आणखी अडला. तापलेल्या दिवसांत मी न्हाणीघरातल्या फरशीवर पोट टेकून पडायचो. कुणाला आत जायचं असलं की मला पायानं बाजूला सरकवायचे, रागानं नाही, सवयीनं. व्हिडिओ काढणाऱ्या बायकांना नवीन गमती सापडल्या. ताईची वेगळी खोली झाली, ती रात्रीची दार लावून घेऊ लागली. आईनं विचारलं तर म्हणाली, "त्याच्या आवाजानं मला झोप लागत नाही." मी त्या दाराबाहेर बसायचो. मग तेही सोडलं. गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी माझ्या छातीला नळी लावून बघितलं आणि म्हणाल्या, आता भूल द्यायचीही सोय राहिली नाही. आई "बरं" म्हणाली आणि आम्ही घरी आलो.

माझं जे व्हायचं ते झालंय, हे मी केव्हाच समजून चुकलो आहे. मला सांगायचं आहे ते वेगळंच.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरचे घड्याळवाले काका वर आले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, बोलणं हळू, नजर बारीक. त्यांच्या नातीला कुत्रा हवा होता. मोबाइलवर दोन फोटो होते, एक बीगल, एक माझ्यासारखा. "तुम्ही अनुभवी माणसं," ते म्हणाले, "काय घेऊ सांगा."

बाबांची कळी खुलली. "डोळे मिटून पग घ्या. आठ वर्षं झाली, एक चप्पल फाडली नाही पठ्ठ्यानं."

"घरात आहे असं कळतसुद्धा नाही," आई मशीनवरून म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बसल्या जागी डुलत होतो. त्यांना काहीतरी खटकलं असावं, कारण त्यांनी कान थोडा पुढे केला, घड्याळाची टिकटिक ऐकतात तसा. "हा आवाज कसला?"

"घोरतो हो. फार गोड घोरतो," बाबा म्हणाले.

ताई दाराशी बुटांचे बंद बांधत होती. ती आता सोळा वर्षांची आहे, जिल्ह्याच्या शर्यतीत पळते. काका तिच्याकडे वळले. "तू सांग गं. तू तर याच्याबरोबर वाढलीस."

मी उठलो. मशीनपासून दारापर्यंत सात-आठ पावलं आहेत, ती मी चाललो आणि तिच्या बुटांपाशी उभा राहिलो. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. ती बोलली असती तर आठ वर्षं या घरात सगळ्यांना काय माहीत होतं तेही बोलल्यासारखं झालं असतं, बाबांच्या तोंडावर, आणि स्वतःच्याही. तिनं बंदाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"छान असतो," ती म्हणाली. "काही त्रास नाही त्याचा."

आणि ती जिना उतरून पळायला गेली.

आता तळमजल्यावर काकांकडे एक पिल्लू आहे. चार महिन्यांचं, पिवळसर, काळ्या तोंडाचं. आई मला औषधासाठी दवाखान्यात नेते तेव्हा ते जिन्यात भेटतं. मला पाहिलं की आनंदानं पायऱ्या चढत सुटतं, आणि पाचव्या पायरीवर त्याच्या नाकातून शिट्टी वाजायला लागते. काकांची नात टाळ्या पिटते. मी त्याला शिकवलं आहे की चार पायऱ्या झाल्या की थांबायचं, मान पुढे काढायची, तोंड उघडायचं, आणि श्वास जागेवर आल्याशिवाय पुढची पायरी चढायची नाही. तीन दिवसांत शिकलं, हुशार आहे. शेजारचे म्हणतात, म्हाताऱ्यासाठी थांबतं बघा, किती समजूतदार.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे, तेव्हा मीही मागतो. उद्या तुमच्या घरी दोन जातींचे फोटो पुढे ठेवून कुठला कुत्रा आणायचा याची चर्चा सुरू झाली, तर त्याचा तुम्हाला किती त्रास होईल हे खुशाल विचारा. पण त्याला स्वतःला काय त्रास आहे, तेही कुणीतरी विचारा. मोठे विचारणार नाहीत, तुम्ही विचारा. आणि कधी तुम्हालाच कुणी विचारलं, तर बुटांचे बंद बांधत बसू नका. खालच्या पिल्लाला वर्ष व्हायला अजून आठ महिने आहेत, त्याचं नाक अजून उघडता येईल. त्याच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. आमच्या घरात तिघांना माहीत आहे.