माणशी किती पिंपं

तपासनीस माणूस सभ्य होता. त्याने टोपी काढली, दोनदा वाकून माफी मागितली आणि मग सांगितलं, "तुमच्या पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी पन्नास वर्षांची झाली, ओनोदेराबाई. आता एक तर नवी बसवा, नाहीतर…"

"नाहीतर बंद करा," चिझुएने त्याचं वाक्य पुरं केलं. "चहा घेणार ना? बाहेर थंडी आहे."

टाकी गळत नव्हती. पण नियम म्हणजे नियम. आणि नवी टाकी बसवायची कुणासाठी? तिच्या लहानपणी जपानच्या इवाते प्रांतातल्या या डोंगराळ गावात चौदाशे माणसं होती. आता एकशे नव्वद, त्यातले निम्मे गाडी चालवायचं सोडलेले. आठवड्यातले दोन दिवस तर पंपावर फक्त टपालवाल्याची स्कूटर यायची. बासष्ट वर्षांची चिझुए नवरा गेल्यापासून पंप एकटीच चालवत होती. मार्च अखेरीस बंद करायचं, असं तिने तपासनिसाला तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो गेल्यावर मात्र बराच वेळ ती कप विसळत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रॉकेलचे डबे छोट्या ट्रकमध्ये चढवून ती उसुई गुरुजींकडे निघाली. गावात कळायच्या आधी त्यांना आपण सांगावं, असं तिला वाटलं. गुरुजी एक्क्याण्णव वर्षांचे. सहावीत तिला भूगोल आणि गणित त्यांनीच शिकवलं होतं. आता एकटे राहत, आणि खोली उबदार ठेवणारी त्यांची रॉकेलची शेगडी दर आठवड्याला चिझुएच भरत असे.

"बंद करतेय पंप," ओट्यावर डबा ठेवता ठेवताच ती म्हणाली.

गुरुजींनी कानामागे हात धरला. तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"ऐकलं मी पहिल्यांदाच. परत ऐकून वेगळं काही निघतं का ते बघत होतो," गुरुजी म्हणाले. "बैस. हित्सुमी केलंय. कणकेचे तुकडे जाड झालेत, पण तुझे दात अजून आहेत."

ती बसली. वाफाळतं सूप पुढे आलं. गाजर, सुरण आणि खरोखरच जाड झालेले कणकेचे तुकडे. खाता खाता गुरुजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आता माणशी किती पडतं गं? आठ पिंपं?"

चिझुएच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. किती वर्षांनी तिने 'माणशी' हा शब्द ऐकला होता!

सहावीच्या वर्गात खिडकीशेजारी एक आलेख होता. देशात वर्षभरात जळतं ते सगळं तेल, म्हणजे कारखान्यांचं, वीजघरांचं, गाड्यांचं, शेगड्यांचं, एकत्र धरायचं आणि देशातल्या माणसांनी भागायचं. लिटर मुलांच्या डोळ्यांपुढे येत नाहीत म्हणून गुरुजी दोनशे लिटरच्या पिंपांत सांगत. चिझुए जन्मली त्या वर्षी माणशी अडीच पिंपं. मग चार, मग सहा, मग नऊ. दर वर्षी रेघ अशी चढायची की कागदाला वर कागद चिकटवावा लागायचा. ती सहावीत आली तेव्हा साडेबारा पिंपं झाली आणि कागद छताला टेकला. त्या दिवशी गुरुजींनी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. सगळा वर्ग उभा राहून टाळ्या पिटत होता, आणि तेवढ्यात चिझुएने हात वर केला.

"गुरुजी, माझी साडेबारा पिंपं कुठायत? आमच्या घरात माणसं चार आणि पिंप एकच."

वर्ग हसला. सर्वांत जास्त हसली तिची मैत्रीण फुसाए. लाकूड गिरणीच्या कुमागाई मालकांची ही मुलगी. "तुझी पिंपं आमच्या गिरणीत असतील," ती म्हणाली.

गुरुजी मात्र हसले नाहीत. "हा भागाकार कागदावरचा आहे," ते म्हणाले. "खरोखर कुणी असं वाटून देत नाही."

त्यानंतर दोनच महिन्यांनी अरबी देशांनी तेल आखडलं. शहरात बायका शौचालयातल्या कागदाच्या गुंडाळ्यांसाठी दुकानांपुढे रांगा लावतायत, अशा बातम्या रेडिओवर यायच्या. डिसेंबरात तेलाचा टँकर आला तो अर्धा. पुढचा कधी येईल, ते चालकालाही माहीत नव्हतं. बाहेर कमरेएवढा बर्फ. पंप तेव्हा चिझुएचे वडील तोकुजी चालवत. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी एकदम विचारलं, "चिझुए, तो तुमच्या गुरुजींचा हिशोब कसा असतो गं? माणशीचा?"

तिने सांगितला. वडील उठले, बूट चढवले आणि बर्फातून थेट गुरुजींच्या घरी गेले. परत आले ते दोघंही. गुरुजींच्या काखेत शाळेची पटनोंदवही आणि गावची घरवार यादी.

सकाळी पंपापुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे कुमागाई मालकांचा ट्रक, त्यात चार रिकामी पिंपं.

"भर," मालक म्हणाले.

"घरात माणसं किती, मालक?" तोकुजींनी विचारलं.

"तुला माहीत नाही? सहा."

"मग सहा जणांचं मिळेल. माणशी आठ लिटर. पुढचा टँकर येईपर्यंत."

"तोकुजी, तुझ्या पंपाचं निम्मं तेल मी घेतो. बारा महिने. हे विसरलास?"

"विसरलो नाही." वडिलांनी रांगेकडे बोट केलं. "पण मागे उभ्या आहेत त्या हारुआजी. एकट्याच आहेत. त्यांना आठ लिटर तरी घरी न्यायला नकोत?"

मालकांनी एक पिंप पुढे सरकवलं. अठ्ठेचाळीस लिटर घेतले आणि गेले. पुढची अकरा वर्षं त्यांनी एक थेंब तोकुजींकडून घेतला नाही. चाळीस किलोमीटरवरच्या शहरातून आणत राहिले. आणि फुसाए दुसऱ्या दिवसापासून वर्गात दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. तिने चिझुएशी बोलणं सोडलं ते कायमचंच.

चिझुएला राग आला होता तो वडिलांचाच. पायाखाली टाकी होती, तिच्यात तेल होतं, आणि त्यांच्या घरातही माणशी आठच लिटर. आजी मोज्यांवर मोजे चढवून झोपायची. चिझुए पांघरुणातून ओरडली होती, "बाबा, एक लिटर घेतलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला," वडील म्हणाले होते, आणि स्वतःची रजई आणून तिच्या अंगावर टाकली होती.

"तुझा बाप," सुपाचा वाडगा खाली ठेवत गुरुजी म्हणाले, "मी पस्तीस वर्षं जो भागाकार फळ्यावर केला, तो त्याने एका सकाळी बर्फात उभं राहून केला."

चिझुएने मान खाली घातली. ती आली होती मन हलकं करायला, आणि आता गुरुजीच मनातलं काढू लागले होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "मी तुम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या. रेघ चढतेय म्हणजे देश चढतोय, असं शिकवलं. आता वर्तमानपत्रात रोज वाचतो, तेलानं जग तापतंय, कमी जाळा. माणशी पिंपं आठाच्याही खाली आली, आणि म्हणतात हे चांगलं झालं. मग मी तुम्हाला उलटं शिकवलं का गं?"

चिझुएला आईचे हात आठवले.

"गुरुजी, आमच्याकडे रॉकेलची शेगडी येण्याआधी आई लाकडं फोडायची. डिसेंबर ते मार्च तिच्या बोटांना भेगा. मीठ लागलं की कळवळायची. शेगडी आली त्या हिवाळ्यात तिने पहिल्यांदा माझ्या केसांतून हात फिरवला आणि तो खरखरीत लागला नाही. मी वाजवल्या त्या टाळ्या त्या हातासाठीच होत्या असं समजा."

गुरुजींनी शेगडीच्या काचेतली निळी ज्योत जरा बारीक केली.

"आणि उतरणारी रेघ?" त्यांनी विचारलं.

"गाड्या कमी पितात, घरं ऊब धरून ठेवतात. चांगलंच आहे ते. माझा पंप त्यात बुडला, म्हणून वाईट म्हणू कसं?" ती हसली, पण डोळे भरून आले. "फक्त एक वाटतं. भागाकारात वरचा आकडा उतरावा हे ठीक. आपल्या गावात खालचाच उतरला. माणसंच गेली."

"भागाकार नीट शिकली होतीस तू," गुरुजी म्हणाले. "रडू नकोस. अजून एक वाडगा घे."

मार्चच्या शेवटच्या दिवशी गाव पंपावर जमलं. कुणी मुळ्याचं लोणचं आणलं, कुणी तांदळाची साके. ज्यांच्याकडे गाडी नव्हती तेही बाया-बाप्ये येऊन उभे राहिले. टाकीतलं शेवटचं तेल संपलं तेव्हा पंपाने घरघर केली आणि तो गप्प झाला. चिझुएने नळी आकड्याला अडकवली आणि सगळ्यांपुढे खोल वाकली. वर उठायला तिला वेळ लागला.

गावाला रॉकेल तर लागतच होतं. शेजारच्या शहरातल्या एका तेलवाल्याने दर गुरुवारी छोटा टँकर पाठवायचं कबूल केलं. पहिल्या गुरुवारी चालक रस्त्यातच अडकला. एप्रिलमध्येही बर्फ पडला होता, आणि कुणाच्या घराची टाकी कुठल्या भिंतीमागे बर्फात गाडली गेलीय हे त्याला समजेना. त्याने चिझुएला फोन केला. ती फावडं घेऊन गेली. पुढच्या गुरुवारीही गेली. तिसऱ्यापासून तेलवाल्याने तिला कामावरच घेतलं.

आता चालकाच्या शेजारी बसून ती वाट दाखवते. चालक पन्नाशीचा, गप्पिष्ट. त्या आठ लिटरवाल्या हारुआजींचं जुनं घर आलं की ती सवयीने हात वर करते आणि तो ब्रेक दाबतो.

"इथे कुणी राहतं?"

"नाही," चिझुए म्हणते. "पण जरा हळू घे."